कुंग कुठे मिळेल?

झटका आल्यापासून बाबांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. कुंग. म्हणजे कोळंबी.

गिळता येतं, पण ते गिळत नाहीत, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. नुसत्या सलाइनवर फार दिवस भागणार नाही, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर त्यांना घेऊन या, नाकातून नळी घालू. आईला त्या नळीची धास्ती होती. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला नळी घातली होती आणि ती उपटू नये म्हणून त्याचे हात पलंगाला बांधून ठेवले होते. ते हात आई विसरली नव्हती. म्हणून ती कोळंबी करत राहिली. आधी निखाऱ्यावर भाजून, मग तांदळाच्या पेजेत घालून, मग पाट्यावर वाटून अगदी लापशीसारखी. बाबा ओठ घट्ट मिटून घेत. चमचा बाजूला झाला की डोळे दाराकडे वळवत आणि पुन्हा म्हणत, "कुंग."

आईने त्यातून एक निष्कर्ष काढला. आमच्या ताख्लीच्या दुकानात मिळते ती कोळंबी गोठवलेली, तिला चव नाही. बाबा बर्फाचा ट्रक चालवायचे तेव्हा नाखोन सवानच्या मोठ्या बाजारातून ओल्या पोत्यात गुंडाळून कोळंबी आणायचे. त्यांना तीच हवी असणार. मी बँकॉकहून रजा टाकून आले होते आणि घरात नुसती येरझाऱ्या घालत होते, तेव्हा बाजारात जाणं माझ्याकडे आलं. निघताना आईने बजावलं, जिवंत आण. हलणारी. मेलेली असली तर त्यांना वासावरून कळतं.

"आणि लवकर ये, प्ला," ती म्हणाली.

प्ला म्हणजे मासा. कागदावर माझं नाव वेगळं आहे. ते विम्याच्या ऑफिसात चालतं. घरात आणि गल्लीत मी मासाच.

व्हॅन भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. मग वाटेत तो डिझेल भरायला थांबला, मग कुणाची तरी आजी उतरवायला आत गल्लीत शिरला. आजी उतरली, तिची टोपली राहिली, टोपली द्यायला तो स्वतः उतरला. मी खिडकीला डोकं लावून बसले होते आणि पाय आपोआप हलत होता. शेजारच्या बाईने आधी पायाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी पाय दुसऱ्या पायाखाली दाबला. थोड्या वेळाने दुसरा हलू लागला.

लहानपणी बाबांबरोबर या बाजारात आले होते तेव्हा विजार गुडघ्यापर्यंत वर घ्यावी लागायची. आता सगळं नवं झालं होतं. पांढऱ्या फरशा, कमरेइतके उंच ओटे, गटारांवर लोखंडी जाळ्या, प्रत्येक ओळीच्या टोकाला नळ. विकणाऱ्या बायकांच्या डोक्यावर टोप्या आणि अंगात ॲप्रन. माशांच्या ओळीतही जमीन कोरडी होती. मात्र नूतनीकरणात जुन्या जागा सगळ्या हलल्या होत्या. जिथे कोळंबी आठवत होती तिथे नारळाचं दूध पिळणारी यंत्रं घरघरत होती. मी ज्याला विचारलं त्याने हात करून वेगळीच दिशा दाखवली. मी एकच ओळ दोनदा पालथी घातली, मरळ आणि मागूरच्या टाक्यांपुढून गेले, डुकराच्या मांसापुढून परत आले, आणि शेवटी हवा सोडणाऱ्या नळ्यांचा बुडबुड आवाज ऐकू आला.

कोळंबीच्या टाक्यांवर तिम मावशी होती. मावशी हे मी म्हणते आहे. टोपीवर नाव भरतकामाने काढलेलं होतं, एवढीच ओळख. जाडजूड, मनगटापर्यंत रबरी हातमोजे, बोलता बोलता पाण्यात जाळी फिरवायची सवय. निळ्या नांग्यांची नदीची कोळंबी दाखवा म्हटल्यावर तिने एक वर काढली. कोळंबी जाळीत आदळत होती.

मी म्हटलं, चांगलीच द्या, आजाऱ्यासाठी आहे. माझे बाबा नेहमी इथूनच न्यायचे. बर्फाचा ट्रक असायचा त्यांचा. सवेंग नाव.

तिची जाळी हवेतच राहिली. "बर्फवाले सवेंग?"

शेजारच्या ओट्यावर खेकड्यांना दोरी बांधणारी बाईही थांबली. दोघींनी बाबांची चौकशी केली आणि मी सांगितलं, झटका आला, उजवी बाजू गेली, जेवण बंद आहे. तिम मावशी हळहळली. मग म्हणाली, तुझ्या बाबांनी माझ्याकडून कोळंबी कधी विकत घेतलीच नाही. नांगी तुटलेली, पाय गळालेली असायची ती आम्हीच त्यांच्या ट्रकमध्ये टाकायचो. नको नको म्हणायचे आणि न्यायचे.

म्हणजे आमच्या घरी मोठ्या कौतुकाने यायची ती तुटक्या नांग्यांची होती. हे आईला सांगायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि म्हटलं, असू दे, पण आता त्यांना तीच आठवते आहे. दिवसभर दुसरा शब्द नाही. दाराकडे बघतात आणि कुंग, कुंग करतात.

तिम मावशीने खेकडेवालीकडे पाहिलं. खेकडेवालीने तिच्याकडे.

"अगं बाई," तिम मावशी म्हणाली, "मग ती..."

तेवढ्यात भोंग्यातून रोजचं सकाळी आठचं राष्ट्रगीत सुरू झालं. सगळा बाजार जिथल्या तिथे उभा राहिला. सुरा उचललेला मांसवाला, पिशवी अर्धी उघडलेली गिऱ्हाइकं, ढकलगाडीवाला, सगळे सरळ आणि स्तब्ध. तिम मावशीने तोंड मिटलं आणि नजर समोर ठेवली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर ताठ उभी होते आणि त्या तुटलेल्या वाक्याचा उरलेला भाग तिच्या ओठांवर शोधत होते. जाळीतली कोळंबी एकटीच तडफडत होती. तिचं पाणी माझ्या चपलेवर उडत होतं. पायही हलवता येत नव्हता.

गाणं संपलं. बाजार पुन्हा बोलायला लागला. तिम मावशीने मात्र जाळी पाण्यात उलटी केली आणि कोळंबी सोडून दिली.

"सांग ना तिला," खेकडेवाली म्हणाली.

"मी कशाला सांगू? तू सांग."

"तुझ्याकडे आलीय ती."

तिम मावशी मला म्हणाली, "तुझ्या बाबांना हवी ती कुंग माझ्याकडे नाही, बाळा. भाजीच्या ओळीला जा. अगदी टोकाला, नळाजवळ."

भाजीच्या ओळीत कोळंबी कशी, असं मी विचारलं. खेकडेवालीला हसू आलं आणि तिने ते लगेच गिळलं. मी म्हटलं, मला वेळ नाही, तुम्ही ही द्या ना, समोर तर आहे. तिम मावशीने टाकीवर झाकण ठेवलं.

मी भाजीच्या ओळीत गेले तेव्हा माझ्या रागाला नेमका पत्ता नव्हता. थोडा तिम मावशीवर होता, थोडा नव्या बाजारावर, थोडा बाबांवर. ओळीच्या सुरुवातीला एक ठेंगणी बाई तुळशीच्या जुड्या बांधत होती. मी तिला विचारलं, "इथे कुंग कुठे मिळेल?"

तिने मला खालून वर पाहिलं. "कुंग ना? ती काय, समोर बसलीय. पण किलोवर मिळत नाही हां. अख्खीच घ्यावी लागेल. सोलून हवी असली तर तिलाच विचार."

समोरच्या ओट्यावर कमळाचे देठ, नाळीची भाजी, केळफुलं आणि गवती चहा मांडला होता. त्यामागे एक बाई कमळाच्या देठाची साल अंगठ्याने ओढून काढत होती. माझ्याहून वयाने मोठी, रोड, सावळी. टोपी कानांच्या मागे सरकवलेली होती म्हणून कान दिसत होते. पुढे आलेले, वरून जरा दुमडलेले कान. शाळेत असताना मी तसलेच कान केसांखाली लपवायचे.

तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहून साल काढायची थांबली.

"प्ला," ती म्हणाली.

मी काही विचारायच्या आत तिने सांगितलं की माझा शाळेतला फोटो ट्रकच्या पुढच्या काचेला चिकटवलेला असायचा. दरवर्षी नवा. मग तिने विचारलं, "ते गेले का?"

नाही म्हटल्यावर तिने देठ खाली ठेवला.

पुढचं तिने हातातलं काम न थांबवता सांगितलं, आणि अधूनमधून गिऱ्हाइक आलं तर तेवढ्यापुरतं थांबून. हा ओटा आधी तिच्या आईचा. बाबा तेव्हा याच बाजारात हमाली करायचे. कुंग पावलं टाकायच्या आधीच ते ताख्लीला निघून गेले, आणि तिथे माझ्या आईशी लग्न केलं. बऱ्याच वर्षांनी बर्फाचा ट्रक घेऊन परत आले. तिची आई मरेपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. पण ट्रक बाजारात शिरला की बर्फाची पहिली लादी भाजीच्या या ओट्यासमोर उतरायची.

"भाजीला कशाला लागतो बर्फ?" ती म्हणाली. "सगळा बाजार हसायचा. आई ती लादी गटारात ढकलायची. तरी पुढच्या खेपेला पुन्हा पहिली लादी इथेच."

ट्रकच्या मागच्या फळीवर बसून बाप-लेक भात खायचे. एवढंच. मग ट्रकवर दुसरा ड्रायव्हर दिसू लागला आणि त्याच्याकडून झटक्याचं कळलं. आमच्या घरचा नंबर तिच्याकडे होता. तिने तो लावला नाही.

मला त्या वेळी धक्का बसायला हवा होता. तो नंतर बसला. त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं की नळी उद्या आहे, आणि दिवस वर चढत चालला आहे. आम्ही आठवडाभर त्या माणसाच्या तोंडाशी कोळंबी धरत होतो आणि तो मुलीला हाक मारत होता. तिला काय म्हणून हाक मारायची तेही मला कळेना. मी म्हटलं, तुम्ही चला. आत्ता चला. व्हॅन उभ्याच असतात.

"नाही," ती म्हणाली.

मी कारण विचारलं. तिने एका बाईला गवती चहा दिला, वर लिंबाची चार पानं टाकली, ती बाई जाईपर्यंत तिच्याशी तिच्या सुनेबद्दल बोलली. मग माझ्याकडे वळली.

"त्या घरात मी काय म्हणून येऊ? भाजी द्यायला आले म्हणून सांगू तुझ्या आईला?"

मी म्हटलं, आईला माहीत नाही, आपण काहीतरी सांगू. सांगू म्हणजे काय सांगू, ते मलाही माहीत नव्हतं. तुळसवाली कान देऊन ऐकत होती. तिने तिथूनच सुचवलं की नर्स म्हणून न्या. कुंगने तिला सांगितलं की तुझ्या जुडीत किडकी पानं आहेत, ती बघ आधी.

मी ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होते आणि परत येत होते. वाटेत एका म्हाताऱ्याच्या पिशवीला धक्का दिला. फोन काढून पाहत होते आणि परत ठेवत होते. तो हातातच वाजला. आई होती.

"मिळाली का कुंग?"

"मिळाली."

"जिवंत?"

"हो."

"मोठी आहे का चांगली?"

मी कुंगकडे पाहिलं. ती केळफुलावरची वाळलेली पाती काढत होती.

"माझ्यापेक्षा मोठी आहे," मी म्हटलं.

आईच्या बाजूला भांड्यात पळी फिरत होती. तिचा आवाज थांबला. मला वाटलं फोन कट झाला. मी कानापासून काढून पाहिला. चालू होता.

"मला वाटलं," आई म्हणाली, "कोळंबीवर भागेल."

आईला कधीपासून माहीत होतं, हे विचारायची ती जागा नव्हती आणि वेळही नव्हती.

"येते का ती?"

"नाही म्हणते."

"तिला दे. मी त्यांच्या कानाला लावते."

मी फोन पुढे केला. कुंगने आधी हात ॲप्रनला पुसले, मग नळाखाली धुतले, मग पुन्हा पुसले. मी फोन तिच्या हातात जवळजवळ कोंबला. आईचा फोन बाबांसाठी मोठ्या आवाजावर ठेवलेला असतो. त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू येत होतं. आधी चादरीची सळसळ. मग बाबांचा श्वास.

"बर्फवाले," कुंग म्हणाली. "मी बोलतेय. कुंग."

ती त्यांना काय म्हणायची हे मला तेव्हा कळलं.

श्वास अडखळला. "कुंग," बाबा म्हणाले. आणि मग, आठवडाभरात कुणी ऐकलं नव्हतं असं, तुटक, एकेक अक्षर ओढत: "जेव... लीस का?"

तिच्या कोपराशी नूडल्सचा रिकामा वाडगा होता. त्यात पिळून टाकलेलं लिंबू होतं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही?"

चमचा वाजला, आई काहीतरी पुटपुटली. मग आईनेच फोन घेतला आणि कुंगने तो घाईने माझ्याकडे दिला, जसं गरम भांडं कुणाला द्यावं. आई हळू आवाजात म्हणाली, तोंड उघडलं. पेजेचे दोन चमचे गेले. थांब, तिसरा देते. मी थांबले. तुळसवाली जवळ आली होती. चमचा वाजला. आणखी एकदा वाजला. मग स्पष्ट ऐकू आलं, "कुंग," आणि आई म्हणाली, मिटलं परत. दाराकडे बघतायत.

मी कुंगला तसंच सांगितलं. दोन चमचे गेले, आता परत मिटलंय.

आई अजून फोनवर होती. "ती काय म्हणाली त्यांना? जेवली नाही?"

"नाही म्हणाली."

"दुपारचा भात किती माणसांचा लावू?"

हे कुंगने ऐकलं. आवाज मोठाच होता. तिने टोपी काढली, झटकली, परत घातली. ओट्यावरची एक जुडी उचलून दुसऱ्या जुडीवर ठेवली. आईने मला पुन्हा विचारलं, ऐकू येतंय का, किती लावू.

"चौघांचा लाव म्हणावं," कुंग म्हणाली.

आणि मग ती ओटा धुवायला लागली.

ओटा धुतल्याशिवाय उठायचं नाही, हा या नव्या बाजाराचा नियम आहे. एक पान राहिलं तरी बाजार समितीचा माणूस बोलतो. ते मला मान्य होतं. तिने भाजी टोपल्यांत भरली, टोपल्या तुळसवालीच्या ओट्याखाली सरकवल्या, पाण्याची नळी लावली, ब्रशने घासलं. पाणी मारलं. मग पुन्हा घासलं. मग गुडघ्यावर बसून ओट्याचे पाय घासले. मग गटाराची जाळी उचलून तिच्या खालची बाजू. तुळसवाली म्हणाली, अगं जा, मी धुते उरलेलं, त्यात काय आहे. कुंगने ऐकलं नाही. मी दुसरा ब्रश उचलला तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, तुला नाही जमायचं, फरशीच्या सांध्यात राहतं.

सांध्यात काही नव्हतं. ते इतके पांढरे होते की त्यावर भात वाढता आला असता. मी उभी राहिले. पाय हलत होता आणि मी तो दाबला नाही. ती कोपऱ्यात पाणी मारत होती, एकाच कोपऱ्यात, आणि पाणी वाहून जाताना त्याच्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "चल."

तिने नळी गुंडाळली. ॲप्रन काढून घडी घातली, ती घडी मोडून पुन्हा नीट घातली. केळफूल एक पिशवीत टाकलं, मोकळ्या हाताने कसं यायचं म्हणून. आम्ही माशांच्या ओळीतून निघालो. तिम मावशीने आम्हाला येताना पाहिलं आणि पाठ करून टाकीतल्या नळ्या नीट करू लागली, आम्ही पुढे जाईपर्यंत.

ताख्लीची व्हॅन भरायला दोनच माणसं कमी होती. आम्ही बसलो तसा ड्रायव्हरने दार ओढायला हात घातला.

"नळ बंद केला का मी?" कुंग एकदम उठली. तिचं डोकं छताला आपटलं.

"केलास."

"नक्की?"

"केलास गं. बस."

मी पाहिलं नव्हतं. ती बसली, पण खिडकीकडे तोंड करून, बाजाराच्या दाराकडे मान वळवून. पिशवी तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. ड्रायव्हरने दार ओढलं. व्हॅन पुलावर येईपर्यंत तिची मान मागेच होती.